किनाऱ्यावरच्या पेल्याचे मोल

गोव्याहून परतलेल्या मनुष्यास आमच्या घाटमाथ्यावरील गावांत जे दोन-तीन प्रश्न हटकून विचारले जातात, त्यांत मंगेशीचे देऊळ आणि मासळी यांच्या जोडीने, आवाज थोडा खाली आणून विचारलेला एक प्रश्न असतोच : "तिकडे स्वस्त मिळते ना?" काय स्वस्त मिळते हे विचारणारा बोलत नाही आणि उत्तर देणाऱ्यासही ते विचारून घ्यावे लागत नाही. गेली तीसएक वर्षे, कधी नात्यागोत्यातील कार्याच्या निमित्ताने तर कधी निव्वळ समुद्राच्या ओढीने, मी वर्षाआड पणजीस जात आलो आहे. आणि पूर्वी या प्रश्नाला मी बिनदिक्कत "हो" म्हणून टाकीत असे. अलीकडे तसे म्हणवत नाही. हा स्वस्तपणा नेमका कोणत्या पेयाला, कोणत्या जागी, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या गिऱ्हाइकाला लागू पडतो याचा हिशेब जेव्हा मी शांतपणे मांडू लागलो, तेव्हा असे दिसून आले की, या किनाऱ्यावर पेल्यातील द्रवाची किंमत ही पुष्कळदा देयकातील सर्वांत लहान रक्कम असते. उरलेले सारे सरकारी महसुलाचे, बसावयास मिळालेल्या खुर्चीचे आणि आपल्याला दर ठाऊक नसण्याचे असते.

प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु २०११ च्या शिरगणतीत ज्या राज्याची लोकसंख्या अवघी साडेचौदा लाखांच्या आसपास भरली, त्या राज्यात २०२४ या एका वर्षात सुमारे एक कोटी पर्यटक येऊन गेले, आणि त्यांतील प्रत्येकाने, दारूला स्पर्श न करणाऱ्यानेसुद्धा, निदान पाणी, शहाळे, चहा किंवा सरबत यांपैकी काही ना काही विकत घेतलेच. या गर्दीची जातकुळीही बदलली आहे. १९८७ पासून युरोपातून थेट भाड्याची विमाने येऊ लागली, तेव्हापासून कळंगुट-बागा पट्ट्यातील दर परदेशी पाहुण्याच्या ऐपतीकडे पाहून ठरत; तो पाहुणा २०१९ साली नऊ लाखांवर होता, तो २०२४ मध्ये पावणेपाच लाखांच्याही आतच राहिला, आणि त्याची जागा मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद, दिल्ली येथून दोन-तीन दिवसांच्या सुटीवर येणाऱ्या आपल्याच माणसांनी घेतली. दर मात्र उतरले नाहीत. जो भाव एकदा परकीय चलनाच्या हिशेबाने फळ्यावर चढला, तो देशी गिऱ्हाइकासाठी खाली यावा अशी सक्ती कोण करणार?

गोव्यातील दारू शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त का, याचे मूळ मद्याच्या गुणात नसून राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. मानवी सेवनाच्या मद्यावरील उत्पादनशुल्क हा तेथे राज्यांच्या अधिकारातील विषय आहे, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अमलात आला तेव्हाही मद्य त्याच्या कक्षेबाहेरच ठेवले गेले. म्हणून एकाच भट्टीत गाळलेली, एकाच चिठ्ठीची बाटली तेरेखोल नदीच्या एका काठावर एका किमतीस आणि दुसऱ्या काठावर दुसऱ्या किमतीस विकली जाते. मद्य-उत्पादकांच्या एका अखिल भारतीय संघटनेने २०२३ साली जो तौलनिक तक्ता काढला, त्यात छापील किमतीपैकी कराचा वाटा गोव्यात सुमारे ४९ टक्के, महाराष्ट्रात ७१ टक्के आणि कर्नाटकात ८३ टक्के दाखविला होता. यात गोव्याचा दर निम्म्याच्या जवळ आहे हे ध्यानात घेण्याजोगे आहे; 'करमुक्त गोवा' अशी जी भाबडी समजूत आपल्याकडे रूढ आहे तिला आधार नाही. गोवा स्वस्त दिसतो तो शेजारी महाग असल्यामुळे.

ही विषमता आजची नाही. १८७८ साली दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या : मुंबई इलाख्यात नवा आबकारी कायदा होऊन गावोगावच्या माडी-दारूवर सरकारची पकड आवळली गेली, आणि त्याच साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात झालेल्या तहाने ब्रिटिश हद्दीतील मिठाचे आणि आबकारीचे निर्बंध गोव्याच्या मुलखासही लागू झाले. गोमंतकीयांस तो तह जाचक झाला. १८९२ साली तो संपला, आणि पुढे सत्तर वर्षे दोन्ही बाजूंच्या आबकारीने आपापले रस्ते धरले. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा झाल्यावर तर ही दरी खोलच झाली : अलीकडे परवान्यावाचून थेंब बाळगणे हा गुन्हा, पलीकडे विलायती बाटली उघड्या दुकानात. चोरट्या मार्गाने मुंबईस जाणाऱ्या मालात गोव्याची आणि दमणची दारू किती असे, हे त्या काळच्या पिढीला वेगळे सांगावयास नको. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, राजकीय सीमा पुसली गेली. परंतु १९६४ च्या गोवा, दमण व दीव उत्पादनशुल्क कायद्याने आबकारीची सीमा निराळ्या रूपाने कायमच ठेवली. ती आजही बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर डोळ्यांना दिसते, जेथे रात्रीच्या एस. टी.त कंदील नव्हे तर विजेरी घेऊन शिपाई चढतो आणि झोपेत असलेल्या उतारूंच्या डोक्यावरील पिशव्या एक-एक करून दाबून पाहतो.

महाराष्ट्राने अलीकडे हे अंतर आणखी वाढविले. नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूममधील मद्यावरील मूल्यवर्धित कर पाच टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर गेला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने, ज्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचे घोषित निर्मितिमूल्य लिटरमागे २६० रुपयांपर्यंत आहे त्यावरील शुल्क तिपटीवरून साडेचारपटीवर नेले, आणि १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत २०५ रुपये ठरविली. जुलैत राज्यभरच्या बारमालकांनी एक दिवस बार बंद ठेवून निषेध नोंदविला. तिजोरीची गरज मी नाकारीत नाही, आणि घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यपान आटोक्यात आणण्याचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले आहे हेही खरे. तथापि सिंधुदुर्ग जिल्ह्यात, ज्याला १९९७ साली देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केले, तेथे मालवण-तारकर्लीस उतरलेला पाहुणा संध्याकाळी गाडी काढून गोव्याच्या हद्दीत जातो आणि रात्री त्याच अरुंद रस्त्याने, तशाच अवस्थेत परततो. या येण्याजाण्याने कोणाचा महसूल वाढला आणि कोणाचा जीव धोक्यात आला, याचा विचार दर ठरविणाऱ्यांनी करावयास हवा होता असे मला मनापासून वाटते.

आता गोव्याच्या हद्दीत शिरल्यावर काय घडते ते पाहू. साध्या बियरची ६५० मिलिलिटरची बाटली गेल्या हिवाळ्यात मी चार जागी विचारून पाहिली. पणजीच्या बाजाराजवळील दुकानात ती सव्वाशेच्या आगेमागे होती. पणजीच्याच माळा भागातील एका जुन्या ताव्हेर्नमध्ये, म्हणजे छोट्या मद्यालयात, थंड करून, पेल्यासह आणि सोबत चिमूटभर भाजलेल्या शेंगदाण्यांसह, दीडशेला. कळंगुटच्या वाळूवरील शॅकमध्ये दोनशे चाळीसला. आणि वागातोरच्या टेकडीवर, जेथे संगीताचा आवाज खालच्या खडकांपर्यंत ऐकू येतो अशा एका जागी, पूर्ण बाटली ठेवीतच नाहीत, तिच्या निम्म्या आकाराची चारशेवर मिळते. म्हणजे घोटाच्या हिशेबाने पाहिले तर बाजारातून टेकडीपर्यंतच्या पंधरा-वीस किलोमीटरांत तीच बियर सहापटींनी महागली. आबकारी चारही ठिकाणी एकाच सरकारची होती.

या चढणीतील शॅकवाल्याच्या पायरीविषयी मला दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण पर्यटकांचा रोष बहुधा त्याच्यावर निघतो. शॅक ही कायमची इमारत नव्हे. पर्यटन खाते चिठ्ठ्या टाकून जागा वाटते. पाऊस ओसरला की बांबू, माडाच्या झावळ्या आणि लाकडी फळ्या आणून ती उभी करावयाची, आणि मे अखेरीस, समुद्र खवळण्यापूर्वी, मुळापासून उचलून वाळू होती तशी मोकळी करून द्यावयाची. परवान्याची फी, वीज-पाण्याची जोडणी, दूरदूरच्या राज्यांतून आलेल्या कामगारांचा पगार आणि त्यांची राहण्याची सोय, हे सारे आठ महिन्यांच्या उत्पन्नातून भागवावयाचे. आणि त्या आठांतही खऱ्या कमाईचे दिवस नाताळाच्या आधीच्या आठवड्यापासून नववर्षापर्यंत बोटांवर मोजता येण्याजोगे. तेव्हा समोर मावळता सूर्य, पायांखाली वाळू आणि तासन्‌तास उठावयास न सांगणारा यजमान यांसाठी तो नव्वद-शंभर रुपये अधिक घेत असेल, तर मी ते गैरवाजवी मानीत नाही. मात्र तो दर बसण्यापूर्वी दिसला पाहिजे. पुष्कळ शॅकवर तो दिसत नाही. दरपत्रक मागावे लागते, आणि मागितले तर त्यात मासळीपुढे 'आजच्या भावाप्रमाणे' असे लिहिलेले असते, जे मासळीच्या बाबतीत समजण्यासारखे आहे. पण लिंबू-सोड्यासही तेच लागू करण्याची रीत मी एका ठिकाणी पाहिली आणि ती मला मुळीच पटली नाही.

माळ्यावरील ताव्हेर्नचा उल्लेख वर आला आहे. ठेंगण्या दाराची एक खोली, भिंतीला टेकलेली दोन बाके, कोपऱ्यात येशूची तसबीर आणि तिच्यापुढे मिणमिणता दिवा, लाकडी फडताळावर बाटल्यांची रांग, आणि गल्ल्यावर साठीच्या पुढची, हातमागाच्या सुती झग्यातली मालकीण. मी पैसे देताना, किनाऱ्यावर याच बाटलीचे किती पडतात ते सहज बोललो. तिने सुटे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि ती म्हणाली, "पयशे सोऱ्याचे, बाब; कदेलाचे न्हय." सोरो म्हणजे दारू; आणि कदेल म्हणजे खुर्ची, पोर्तुगीजांनी मागे ठेवलेल्या शेकडो शब्दांपैकी एक. तिच्या दुकानात खुर्चीही नव्हती, बाकच होते, आणि त्यावर रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी येऊन बसणारे तिघे-चौघे वृद्ध एक-एक पेला घेऊन तासभर गावच्या गोष्टी बोलत. अशा ताव्हेर्ना पणजीत दरसाल कमी होत आहेत. फोंतेन्हसमधील घरे रंगवून पाहुण्यांसाठी खोल्या झाली, रस्त्यावर छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी झाली, जागेचे भाडे वाढले, आणि ज्या खोलीत दीडशेची बाटली विकून घर चालत असे तिथे आता काचेचे दार आणि पाचशेचे मिश्रण आले आहे. स्थानिक मनुष्याच्या पेल्याची किंमत पर्यटकाने वाढविली असे म्हणताना मला खेद होतो, कारण तो पर्यटक मीही आहे.

फोंतेन्हस या नावाचा अर्थच 'लहान झरे' असा आहे. पणजी शहरात 'फोंत फेनिक्स' आहे, 'बोका द व्हाका' आहे. डोंगराच्या पायथ्याशी झिरपणाऱ्या या झऱ्यांवर एके काळी वस्तीची तहान भागे, आणि आज खांडेपार नदीवरील ओपा येथून शुद्ध केलेले पाणी शहरास नळाने मिळते. २०२१ च्या सप्टेंबरात तर राज्य सरकारने महिना सोळा हजार लिटरपर्यंत पाणी वापरणाऱ्या घरांस ते विनामूल्य देण्याची योजना सुरू केली. अशा शहरात, मीरामारच्या रस्त्यावरील एका बऱ्यापैकी उपाहारगृहात, आम्ही घरची सहा माणसे जेवावयास बसलो असता, पाणी मागण्यापूर्वीच सहा जणांपुढे तीन मोहोरबंद बाटल्या आल्या आणि पोऱ्याने त्या तत्परतेने उघडल्याही. "साधे पाणी नाही का?" असे माझ्या बहिणीने विचारले. "साधे नाही ठेवत," असे उत्तर आले. देयकात प्रत्येक बाटलीचे साठ रुपये लावले होते; बाटलीवरील छापील किंमत वीस होती. वर सेवाशुल्क दहा टक्के, तेही पाण्याची किंमत धरून.

रक्कम मोठी नव्हती, आणि मी ती दिली. परंतु या प्रकरणी कायदा काय आहे हे पुढे समजून घेतले. वैध मापनशास्त्राच्या नियमांप्रमाणे दुकानदाराने छापील कमाल किमतीपेक्षा अधिक घेणे हा गुन्हा आहे. उपाहारगृहांना मात्र सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये यातून मोकळे केले. तेथे येणारा मनुष्य केवळ बाटली घ्यावयास येत नाही, तो बसण्याची जागा, वाढप आणि वातावरण यांसह एक संमिश्र सेवा घेतो, असा त्या निकालाचा मथितार्थ. तर्क म्हणून तो मला समजतो. पण जेव्हा नळाचे पाणी द्यावयाचेच नाही असे ठरवून बाटली पुढे ठेवली जाते, तेव्हा गिऱ्हाइकाला निवड उरत नाही, आणि जिथे निवड नाही तिथे 'सेवा' हा शब्द मला पटत नाही. सेवाशुल्काच्या बाबतीत न्याय अधिक स्पष्ट आहे : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये, ते देयकात आपोआप लावू नये, असे मार्गदर्शक निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. तरीही ते लावले जाते, आणि सुटीवर आलेला मनुष्य मुलाबाळांदेखत तंटा नको म्हणून ते देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाटलीतील पाण्यावरील कर अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. दुकानांतून रुपया-दोन रुपयांचा फरक पडला. उपाहारगृहातील साठाचे साठच राहिले. दारूचा अधिक पैसा मागणाऱ्याशी मी भांडणार नाही, ती चैन आहे. पाण्याचे तसे नाही, आणि या साऱ्या आढाव्यात माझी सर्वांत तीव्र तक्रार कोणती असेल तर ती हीच.

शहाळ्याची गोष्ट निराळी आहे. गोव्यात त्यास 'आडसर' म्हणतात, आणि माडांच्या या भूमीत ते कवडीमोल असावे अशी येणाऱ्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर सत्तर-ऐंशी रुपये, आणि सणासुदीला शंभरही मोजावे लागतात. यात विक्रेत्याची लबाडी फारशी नाही. माडावर चढणारा पाडेली मिळेनासा झाला आहे. बागाईतदाराला शहाळे उतरविण्यापेक्षा नारळ पिकू देणे परवडते. आणि २०२५ च्या सुमारास देशभर नारळाचे भाव भडकले तेव्हा तर कोवळे फळ काढणे हा तोट्याचाच व्यवहार ठरला. म्हणून गोव्याच्या वाळूवर विकली जाणारी शहाळी बहुतांशी कर्नाटकातून मालमोटारींनी येतात, आणि दराच्या निम्म्याहून अधिक भाग वाहतूक, हमाली आणि मधल्या हातांचा असतो. लिंबू-सोडा मात्र अजून खरोखर स्वस्त आहे : पणजीच्या बसस्थानकाजवळ आणि म्हापशाच्या बाजारात, मीठ-साखर विचारून, समोर पिळून, तीस रुपयांच्या आत. कोकमाचे सरबतही घरगुती खाणावळींत वीस-पंचवीसला मिळते. पण ते मागावे लागते, कारण दरपत्रकात त्याला जागा नसते, जागा असते ती रंगीत शीतपेयांना, ज्यांवर आता चाळीस टक्के कर आहे.

या किनाऱ्याचे म्हणून जे पेय आहे, त्याच्याकडे मी मुद्दाम शेवटी आलो आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले; फळापासून मद्य गाळण्याची जी कला येथे वाढली ती गोमंतकीयांची. सत्तरी तालुक्यातील एका डोंगरउतारावर, एप्रिलच्या सकाळी, मी ती पाहिली आहे. बोंडू, म्हणजे काजूची फळे, झाडावरून तोडावयाचे नाहीत, आपोआप गळालेलेच वेचावयाचे, हा पहिला नियम. काजूची बी पिळून वेगळी काढली की बोंडू जांभ्या दगडात कोरलेल्या उथळ कुंडात टाकतात आणि दोघे-तिघे पाय धुऊन ते तुडवितात. पिवळसर फेस पायांच्या घोट्यांपर्यंत चढतो, आणि त्या आंबट-गोड, किंचित घशाला खवखवणाऱ्या वासाने सारे रान भरून जाते. चोथ्याचा ढीग रचून, त्याला रानवेलीने करकचून आवळून, वर दगड ठेवला की जो स्वच्छ रस थेंबथेंब झिरपतो तो नीरो. तो त्याच दिवशी प्यावयाचा. तुडविलेला रस मडक्यात आपोआप तीन दिवस आंबतो, बाहेरचे काही त्यात घालावे लागत नाही. मग तो भट्टीवरील भाणात चढतो, वाफ नळीवाटे पाण्यात बुडविलेल्या मडक्यात उतरते, आणि पहिल्या धारेचा हुर्राक निघतो. हुर्राक पुन्हा रसाबरोबर भट्टीवर चढविला की फेणी. चाळीस टक्क्यांवर मद्यार्क असलेल्या या पेयाची पारख जुना भट्टीवाला उपकरणाने करीत नाही. तो पेल्यात उंचावरून धार सोडतो आणि फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते पाहतो.

या भट्ट्यांचा कारभार आजही एका जुन्या पद्धतीने चालतो. काजू-बागायतींचे विभाग पाडून आबकारी खाते त्यांची दरवर्षी पावणी करते, म्हणजे जाहीर लिलाव. ज्याची बोली चढी त्याला त्या हंगामापुरता रस काढण्याचा मक्ता. हंगाम फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत. अवकाळी पाऊस पडला, मोहोर गळाला, तर पावणीचे पैसे बुडाले. गावात हुर्राकची बाटली दीड-दोनशेला मिळते. त्यात वेचणाऱ्या बायकांची मजुरी, सरपण, आणि पहाटे तीनला उठून भाण लावणाऱ्याची झोप हे सर्व आले. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक निर्देशन मिळाले, आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचा वारसा असलेले मद्य म्हणून मान दिला. मानाबरोबर भाव आला. जी फेणी पूर्वी गरिबाची, वासामुळे पाहुण्यापुढे न ठेवण्याची म्हणून समजली जाई, ती आता पणजीतील एका बारमध्ये कोकम आणि हिरव्या मिरचीच्या संगतीने, बर्फाच्या एकाच मोठ्या खड्यावर, सहाशे रुपयांना मिळालेली मी पाहिली. त्या पेल्यात फेणी होती साठ मिलिलिटर. भट्टीवरच्या भावाने ती वीस-पंचवीस रुपयांची. मिश्रण करणाऱ्या तरुणाचे कौशल्य मी मान्य करतो, आणि फेणीचा गौरव झाल्याचा मला आनंद आहे. परंतु त्या गौरवाचा काही अंश सत्तरीच्या भट्टीपर्यंत पोहोचावा, यासाठी वारसा घोषित करण्यापलीकडे जे करावयास हवे होते ते झालेले मला आढळले नाही. माडाच्या फेणीची दशा याहून वाईट. माडाची सूर, म्हणजे माडी, काढणारा रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढतो, आणि त्याचा मुलगा, योग्यच आहे, ती विद्या शिकावयास राजी नाही. ज्या सुरेने गोव्याचा पाव फुगे आणि शिर्का बने, ती आता मिळण्यास ओळख लागते.

दरांचा असा आढावा घेताना, ज्याचा भाव कोणत्याच देयकात येत नाही अशा एका खर्चाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दुकानातील बाटली सव्वाशेला आणि शॅकवरील दोनशे चाळीसला, म्हणून पुष्कळ तरुण दुकानातून घेऊन थेट वाळूवर बसत. फुटलेल्या काचा भरतीच्या रेषेत रुतून राहत आणि सकाळी रापण ओढणाऱ्यांच्या तळव्यांत जात. जानेवारी २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून किनाऱ्यावर उघड्यावर मद्यपान व स्वयंपाक करण्यास बंदी झाली. तेव्हा एकट्यास दोन हजार आणि घोळक्यास दहा हजार रुपये दंड ठरला. कायदा योग्य आहे. तो हंगामात पाळला जातो तितकाच आडदिवशीही पाळला जाईल आणि शॅक व उपाहारगृहे यांच्या दारावर, आत शिरण्याआधी वाचता येईल असा दरफलक मराठी, कोंकणी व इंग्रजीत लावणे सक्तीचे होईल, तर पाहुणा आणि यजमान यांच्यातील अर्धे तंटे मिटतील. मुंबईच्या टॅक्सीला आणि पुण्याच्या रिक्षाला दर दाखविणारे यंत्र सक्तीचे होते, मग ज्या राज्याच्या उत्पन्नाचा एवढा मोठा भाग पाहुण्यांवर अवलंबून आहे, तेथील पेल्याला ते का नको?

गेल्या एप्रिलात परतताना भट्टीवाल्याने मला नीरोची एक बाटली भरून दिली. पन्नास रुपये घेतले, जे तो गावातल्या माणसाकडूनही घेत होता. एस. टी. इन्सुलीच्या नाक्यावर थांबली, शिपाई चढला, माझी पिशवी दाबून त्याने बाटली बाहेर काढली, बूच उघडून वास घेतला. "नीरो?" "हो." "आजचाच का?" "सकाळचा." त्याने बूच लावले, बाटली पिशवीत सरळ उभी ठेवली, आडवी नको, फुगेल म्हणाला. सावंतवाडीला गाडी दहा मिनिटे थांबते. मोती तलावाच्या कठड्याशी उभे राहून मी ती उघडली, शेजारच्या बाकावरील एका उतारूला विचारून त्याच्याही पेल्यात ओतली. चव बदलू लागली होती, जिभेवर बारीक टोचत होती. आंबोलीचा घाट चढेपर्यंत ती पिण्याजोगी राहिली नसती.